चार ओळींच्या जागी एक

अक्कलकुव्यात जिनेशभाईंचं औषधांचं होलसेल दुकान होतं. मागच्या खोलीतल्या दोन फ्रिजमध्ये इन्सुलिन राहायचं. सेन्सर दर तासाला तापमान पाठवायचा. ते दोनच्या खाली किंवा आठच्या वर गेलं, की सगळ्यांच्या मोबाइलवर इशारा वाजायचा. हा प्रोग्राम जिनेशभाईंची बहीण रूपल हिने पायथॉनमध्ये लिहिला होता. चालायचा नीट, पण लांबण फार.

नवापूरकडची सुषमा कामाला लागली आणि तिने तो आवरायला घेतला. तापमान दोन आणि आठच्या मधे आहे का, हे तिने एका दमात विचारलं. सेन्सरकडून आकडा आलाच नाही तर मागचा धरायचा, यासाठी रूपलने चार ओळी घातल्या होत्या. सुषमाने तिथे नुसतं ‘ऑर’ टाकलं: नवा आकडा, नाहीतर जुना. रूपलने ती ओळ वाचली आणि छान दिसतेय म्हणाली.

एका दुपारी सुषमा सहज आकडे बघत बसली होती. चार, चार, पुन्हा चार. फ्रिजचं दार तर सारखं उघडत होतं. आकडा थोडा तरी हलायला हवा होता. ती उठून फ्रिजपाशी गेली. मागच्या भिंतीवर बर्फाचा थर धरला होता आणि सेन्सरच्या छोट्या पडद्यावर शून्य दिसत होतं.

पायथॉनचं ‘ऑर’ शून्यालाही ‘काही नाही’ मानतं. खरा आकडा आला होता. तिच्या ओळीने तो टाकून दिला आणि जुना चार पुढे केला.

इन्सुलिन एकदा गोठलं की वाया जातं, आणि वितळल्यावर वरून काही कळेलच असं नाही. याच फ्रिजमधले खोके घेऊन दुकानाचा गाडीवाला हिलाल मोलगी गावाच्या रस्त्याला लागला होता. त्याचा फोन लागेना. घाटात रेंज नसते.

सुषमाने जिनेशभाईंना काही न लपवता सांगितलं. ते ओरडले नाहीत. वाटेवरच्या दुकानांना फोन लावू लागले. रूपलने दुसऱ्या फ्रिजमधल्या चांगल्या बाटल्या बर्फाच्या डब्यात भरल्या आणि स्कूटरची किल्ली घेतली. सुषमा डबा धरून मागे बसली. दोघी घाटाला लागल्या.

हिलालची गाडी पहिल्याच गावात सापडली. टायर पंक्चर झालं होतं.

“बाकीना खोका गाडीमाच शेतस,” हिलाल म्हणाला. “येकच उतारा, त्या दुकानमा.”

दुकानदाराने खोका परत दिला, पण एक बाटली विकली गेली होती. गावातली कमलीबाई ती नुकतीच घेऊन गेली, तो म्हणाला; नाल्यापलीकडे तिचं घर. सुषमा पळतच निघाली. जेवणाआधी सुई घेतात, हे तिला माहीत होतं, आणि दिवस कलला होता.

कमलीबाई ओट्यावर बसली होती. सिरिंज भरलेली, लुगडं मांडीवरून सारलेलं.

“थांबा मावशी. ते औषध खराब आहे.”

म्हातारीने बाटली उजेडात धरली. पाण्यासारखी स्वच्छ. हिच्यात खराब काय, तिने विचारलं.

“दिसत नाही. पण माझ्या चुकीने गोठलं होतं,” सुषमा म्हणाली.

कमलीबाईने बाटली खाली ठेवली आणि सिरिंज सुषमाच्या हातात दिली. मागून आलेल्या रूपलने नवी बाटली आणि नवी सिरिंज काढली. म्हातारीने सुई घेऊन होईपर्यंत दोघी तिथेच उभ्या राहिल्या.

परतताना नाल्यावर रूपल थांबली.

“ती ओळ मीही वाचली होती, सुषमा. मला कुठे दिसलं?”

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक फ्रिज दुरुस्त करत असताना दोघी प्रोग्राम घेऊन बसल्या. दोन आणि आठची ओळ त्यांनी तशीच ठेवली; ती बरोबर होती. ‘ऑर’ काढून स्पष्ट लिहिलं, आकडा आलाच नसेल तरच जुना घे. मग सुषमाने सेन्सरच्या जागी हाताने शून्य टाकलं. सगळे मोबाइल एकदम वाजले, आणि गल्ल्यावरून जिनेशभाई धावत आत आले.