वाळलेल्या थेंबाचा चमत्कार

बुदाई बंदरातल्या देवळासमोर त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. कालवं सोलायचं काम टाकून बायका आल्या होत्या, होड्या तशाच बांधून पुरुष आले होते. मंडपातल्या पडद्यावर आ-ह्वेइ मावशींच्या रक्ताचा थेंब हजारपट मोठा दिसत होता आणि त्यातली पेशी न् पेशी काटेरी होती.

"हे कर्करोगाचे काटे," सूक्ष्मदर्शकाशेजारून क्वो गुरुजी म्हणाले. "डॉक्टरांना दिसत नाहीत. मला दिसतात, कारण मी बारा वर्षं उपाशी साधना केली."

उपाशी साधनेचं पोट रेशमी सदऱ्यात मावत नव्हतं, पण तिकडे कोण बघतो? मावशींनी गुरुजींचा काढा घेतला. पुन्हा बोटाला सुई, पुन्हा थेंब, आणि पडद्यावर नुकत्या धुतल्यासारख्या गोल, गुळगुळीत पेशी. लोकांनी हात जोडले.

पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला नर्स पेइ-लिन बर्फाची पेटी घेऊन बसली होती. यकृताचा कर्करोग होण्याआधी रक्तात काही खूण उमटते का, हे एक इस्पितळ शोधत होतं. त्यासाठी काविळीचा जुना विषाणू अंगात असलेल्या इथल्या चाळीस जणांचं रक्त ती दर सहा महिन्यांनी नेई. आज तिघंच आले. तिचा जीव मात्र मावशींसाठी टांगणीला लागला होता. त्यांच्या दवाखान्यातल्या यकृताच्या तपासणीत एक आकडा वाढला होता आणि सोनोग्राफी त्यांनी दोनदा टाळली होती.

ती उठून मंडपात गेली. "मावशी, सोमवारी सोनोग्राफीला येताय ना?"

"कशाला? माझे काटे गेले. आणि तुझं काय गं? चार वर्षं नळ्या भरभरून रक्त नेतेस, बिस्किटांचा पुडा हातावर ठेवतेस. त्यात काय दिसलं, कधी सांगितलंस? यांनी पहिल्याच दिवशी माझं रक्त मला दाखवलं."

मावशी खोटं बोलत नव्हत्या.

परत जाववेना, म्हणून पेइ-लिन तिथेच उभी राहिली. आता म्हातारा ल्याव कोळी खुर्चीत बसला. गुरुजींनी त्याच्या रक्ताचा थेंब काचेवर घेतला, काच दिव्याखाली ठेवली आणि साधनेची कथा सुरू केली. पेइ-लिन अस्वस्थ झाली. रक्त असं उघडं ठेवलं असतं तर प्रयोगशाळेने तिला फैलावर घेतलं असतं. तिने घड्याळ पाहिलं. पहिला थेंब सतरा मिनिटं पडून होता. काढ्यानंतरचा थेंब मिनिटभरात सूक्ष्मदर्शकाखाली गेला.

"गुरुजी, आता माझं बघा," ती म्हणाली आणि खुर्चीत बसली.

थेंब काचेवर पडताच तिने काच उचलून स्वतःच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. पडद्यावर सगळ्या पेशी गोल.

"काढ्याआधीच शुद्ध?" मागून कुणीतरी विचारलं.

"सात्त्विक आहार असेल," गुरुजी म्हणाले.

"काल डुकराचं मांस खाल्लंय." पेइ-लिनने काढा घेतला, दुसरा थेंब काचेवर घेऊन दिव्याखाली ठेवला. "आता सांगा तुमची कथा. मला घाई नाही."

गुरुजींना कथा आठवेना. लोक चुळबुळत थांबले. वीस मिनिटांनी पडदा काट्यांनी भरला.

"म्हणजे काढ्यानेच रोग झाला म्हणायचा," ल्याव म्हणाला.

"रोग नाही, काका. थेंब उघडा राहिला की वाळतो. पेशी आक्रसते, तिला काटे येतात. तुमचं, माझं, गुरुजींचं, कुणाचंही रक्त ठेवून बघा."

गुरुजींनी बोट पुढे केलं नाही.

पेइ-लिन मावशींसमोर उकिडवी बसली. "तुमच्या रक्तात काय आहे, मला माहीत नाही. माहीत नाही म्हणूनच नेते. चाळीस जणांचं, चारशे जणांचं वर्षानुवर्षं जमवावं तेव्हा कुठे एखादी खूण सापडते, कधी तीही नाही. हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. पण तो वाढलेला आकडा खरा आहे."

मावशींनी बोटावरचा कापूस काढून टाकला. "सोमवारी तू आत येशील माझ्याबरोबर?"

"येईन."

सोनोग्राफीत द्राक्षाएवढी गाठ दिसली. ती वेळेवर काढली. संशोधनाची खूण अजून सापडलेली नाही, आणि क्वो गुरुजींचा मंडप महिनाभरात पुढच्या बंदरावर उभा राहिला.

तो तुमच्याही गावात येईल, वेगळ्या नावाने, वेगळा पडदा घेऊन. तेव्हा हात जोडण्याआधी एवढंच म्हणा: हेच आता क्रम उलटा करून दाखवा. ज्याचं खरं आहे, तो दाखवेल. आणि जो सरळ "मला अजून माहीत नाही" म्हणतो, त्याला भोंदू समजू नका. बहुतेक तोच शोधतो आहे.