मी बाहेरून लावलेली कडी

मी एक कडी. लोखंडाची, अंगठ्याएवढी जाड. आमचं काम साधं: आतल्यानं आम्हाला लावायचं आणि बाहेरच्यानं दार वाजवायचं. दुकानात होते तोवर मी तरी असंच समजत होते.

घरधन्यानं मला आणलं आणि सुताराला निजायच्या खोलीचं दार दाखवलं. सुतार आतून खुणा करायला लागला.

“आतून नाही हो, बाहेरून,” मालक म्हणाला.

“बाहेरून? अहो, निजायची खोली ना ही?”

“सांगतो तेवढं करा.”

अगं बाई! मला वाटलं, बोलण्यात चुकला असेल. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना त्यानं बायकोला आत ठेवून मला खटकन सरकवलं आणि शीळ घालत जिना उतरला. शीळ! मी गारच पडले. ती आतून दार बडवत होती आणि प्रत्येक धक्का माझ्या अंगावर बसत होता. मग हे रोजचंच झालं.

भिंतींना कान असतात म्हणे. आमच्या भिंतीपलीकडे काकू होत्या, म्हणून निभावलं. एकदा हाका ऐकून त्या त्यांच्याकडे ठेवलेल्या जादा किल्लीनं घरात आल्या. मला बघून त्यांचा चेहराच उतरला. “माणूस आहे की राक्षस!” म्हणत त्यांनी मला काढलं आणि तिला घेऊन तडक, घरात छळ होणाऱ्या बायकांना मदत करणाऱ्या सरकारी संरक्षण अधिकारी बाईंकडे गेल्या.

पुढं कोर्टाचा आदेश झाला. नवऱ्यानं घर सोडायचं. घराकडे, तिच्या कामाच्या जागेकडे फिरकायचं नाही. पाठलाग नाही, फोन नाही, कोणाच्या हाती निरोपसुद्धा नाही. सुतारानं मला उपटून मोठ्या दाराला आतून ठोकलं. तिची आई सोबतीला आली.

म्हटलं, सुटलो. कसलं काय! एका दुपारी दाराबाहेर साखरेत घोळलेला आवाज आला. “आई, मी आहे. चुकलो हो. दोन शब्द बोलतो नि जातो.”

आणि आईचा हात माझ्यावर! मला पटेचना. “जावई आहेत,” ती पुटपुटली, “दारात कसं ताटकळत ठेवायचं?” मी अर्धी सरकलेसुद्धा.

“आई, हात काढ!” लेक धावत आली. तिनं मला परत घट्ट लावलं आणि पोलिसांना फोन केला. पूर्वी तिथून उत्तर यायचं, “नवराबायकोचं भांडण, घरातच मिटवा.” या वेळी आदेश म्हणताच पलीकडचा सूर बदलला. “दार उघडू नका. निघालोच.”

बाहेर साखर विरघळली, लाथा सुरू झाल्या. मी दातओठ खाऊन उभी राहिले. तेवढ्यात जिन्यात बूट वाजले.

“अहो, घर माझं आहे!”

“असू दे. आदेश मोडलात. चला.”

आई लेकीकडे वळली. “असा आहे हा? अगं, मला आधी सांगायचंस ना!”

“सांगितलं होतं, आई. तू म्हणालीस, जरा सांभाळून घे.”

 

मी अजून याच दारावर आहे. बाहेरच्याच्या लाथा मी झेलीन, मागून आदेश घेऊन पोलीसही येतील. पण आतलंच कोणी मायेनं मला काढायला लागलं, तर माझं काही चालत नाही. म्हणून हात जोडून सांगते, लेक पहिल्यांदा सांगेल ना, तेव्हाच ऐका.