बिल्डरचा साफ चेहरा

निवडणूक म्हणजे आमच्या दुकानाची सुगी. म्हणजे, होती. मामाचं बॅनर छापायचं दुकान आहे, मी तिथे मशीन चालवतो. पूर्वी गावातला बिल्डर निवडणुकीला उभा राहिला की आम्हाला मान वर करायला फुरसत नसायची. चौकाचौकात त्याचंच तोंड, दुमजली घराएवढं. बाकीचे उमेदवार बिचारे खांबावरच्या पाटीत.

यंदा नियम बदलला. स्वतःच्या खर्चाने कुणी काहीच लावायचं नाही. निवडणूक कार्यालय सगळ्यांची पोस्टरं छापून घेणार, एकाच मापाची, एकाच भिंतीवर. फोटोही कार्यालयाचाच माणूस काढणार, सगळ्यांना त्याच खुर्चीत बसवून. आणि त्या फोटोला छापणाऱ्याने हात लावायचा नाही.

छपाई आमच्याकडे आली. मामा तरी वैतागलेलाच.

"एकट्या बिल्डरवर वर्ष निघायचं," म्हणाला. "आता तिघांचं मिळून शाईचे पैसे सुटले तरी खूप."

पण हातात तेवढंच काम होतं. ते गेलं की शटर खाली.

तिघं म्हणजे बिल्डर, ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर आणि सरकारी दवाखान्यातली नर्स. तिला सगळे सिस्टरच म्हणतात.

अर्धे गठ्ठे कार्यालयात पोचले होते, तेव्हा सिस्टर ड्यूटीवर जाता जाता पोस्टर बघायला आली. मी तिघांची टेबलावर शेजारी शेजारी मांडली. ती आपलं सोडून बिल्डरचंच बघत बसली.

"हे हल्ली भरपूर झोपतात वाटतं."

"का हो सिस्टर?" मामा म्हणाला.

"डोळ्यांखालचं काळं गेलंय. गालावरची चामखीळ पण. ऑपरेशन केलं असतं तर दवाखान्यात आधी कळलं असतं."

मामाचा चेहरा खाडकन उतरला. गेल्या कितीतरी निवडणुका तो बिल्डरचा फोटो साफ करत आलाय. या वेळी कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसे दिले नव्हते. फोटो समोर आला आणि हात आपोआप चालला. मास्तर आणि सिस्टर मात्र होते तसे छापले, सुरकुत्यांसकट.

"चुकून झालं हो," मामा म्हणाला. "तुमचाही साफ करतो. मास्तरांचाही. फुकट."

"नको. याच तोंडाने रोज लोकांना सुया टोचते. भिंतीवर दुसरीच बाई दिसली तर मत कुणाला देतील?" ती पर्स उचलून उठली. "त्यांचा आहे तसा छापा. आणि कार्यालयात तुम्हीच कळवा. मी कळवलं तर तुमचं दुकान बसेल."

ती गेली. मामा फोनकडे बघत बसला.

"कळवलं तर काम जाईल, भाच्या."

"नाही कळवलं तर?"

"तर काय, काहीच नाही. ती नाही सांगणार कुणाला. तशी नाही ती."

"मग तर तिचं नुकसान नक्कीच."

तेवढ्यात बिल्डरच आला, पोस्टर बघायला. बघून खूश. "तुमचा हात म्हणजे हात," म्हणाला. मामाने कसंबसं सगळं सांगितलं.

"एवढंच ना? तिघांचेही साफ करा, नव्याने छापा, बिल मला लावा. सगळे सारखे झाले की कुणाची तक्रार?"

खरं सांगतो, मला ते पटलं होतं. मामाने त्याच्याकडे बघितलं.

"साहेब, नियमच तो आहे. तुमचे पैसे घ्यायचे नाहीत."

आणि त्याच्यासमोरच कार्यालयाचा नंबर लावला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, कुणी करायला सांगितलं होतं? कुणीच नाही. मग का केलं? मामा म्हणाला, "सवय, मॅडम." बाई म्हणाल्या, बिल्डरची सगळी पोस्टरं मूळ फोटोवरून पुन्हा छापा, खर्च तुमचा. पुढच्या वेळी काम द्यायचं का, ते बघू.

मामा कॉम्प्युटरसमोरून उठला. "तू बस. माझा हात परत तिथेच जायचा."

मी मूळ फोटो उघडला. बिल्डर माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता.

"इतकं काळं आहे?"

"आहे, साहेब," मामा म्हणाला. मग मला म्हणाला, "छाप."