कागदाखालचं नाव

मित्रांनो, मला पाहून तुम्ही म्हणाल, हे कसलं बुटकं, उतरतं टेबल! यावर ना धड जेवता येणार, ना अभ्यास करता येणार. तुमचं बरोबर आहे. मी टेबल नाहीच. मी चित्रं गिरवायची पेटी आहे, आणि आता बरीच जुनी झाले आहे. माझं अंग सागवानी, माथ्यावर दुधी काच आणि पोटात दिवे. बटण दाबलं की काच उजळते. तिच्यावर एक चित्र ठेवा, त्यावर कोरा कागद ठेवा, की खालची रेघ न् रेघ वर दिसू लागते. तिच्यावरून पेन्सिल फिरवली की झालं. खाली कुणाचं चित्र आहे हे मला विचारायची सोय नाही. बटण माझ्या अंगावर असलं तरी ते दाबणारं बोट माझं नसतं.

कोपरीतल्या एका सुताराने मला हरिहर सरांसाठी घडवलं. सरांचा ठाण्यातल्या नौपाड्यात चित्रकलेचा वर्ग होता. साडीच्या काठाची नक्षी, लग्नपत्रिकेवरचा गणपती, मुलांच्या पुस्तकातली चित्रं अशी कामंही ते करत. आधी कच्चं चित्र काढायचं, ते खोडून खोडून कागदाचा पार पापड करायचा आणि मग तो कागद माझ्यावर ठेवून वरच्या स्वच्छ कागदावर पक्की रेघ ओढायची, अशी त्यांची रीत. वर्गातली मुलं मोठ्या चित्रकारांची चित्रं गिरवत. सर म्हणत, "गिरवा की! गिरवल्याशिवाय अक्षर तरी कुठे वळणावर येतं?" पण गिरवून झालं की ते खालचं चित्र काढून घेत, माझा दिवा मालवत आणि म्हणत, "आता नुसत्या डोळ्यांनी काढा." गिरवलेल्या कागदावर मूळ चित्रकाराचं नाव लिहिल्याशिवाय कुणाला घरी जाता येत नसे.

त्या मुलांमध्ये कादंबरी नावाची एक मुलगी होती. तिचा हात गोड होता. पुढे सरांच्या डोळ्यांना दिसेनासं झालं, वर्ग बंद झाला, तेव्हा सरांनी मला तिच्याकडे पाठवलं. टेम्पोत बसून मी डोंबिवलीला आले.

कादंबरी आणि तिची आई सरोजताई अशा दोघी तिथे राहत. गॅलरीला सरकत्या काचा लावून एक चिंचोळी खोली केली होती. तिथे मला ठेवलं. बाहेर बघावं तर शेजारच्या इमारतीची भिंत. कादंबरी ठाण्यात एका जाहिरातीच्या ऑफिसात नोकरी करायची आणि सुट्टीच्या दिवशी माझ्यावर चित्रं काढून ती फोनवर लोकांना दाखवायची. थोडे लोक बघत, थोडे छान म्हणत. ती खूश असे, मीही.

मग एकदा तिला एका चित्रातला हात जमेना. खोडरबराचा चुरा माझ्या काचेवर साठत गेला. शेवटी तिने फोनवर कुणाचं तरी चित्र शोधलं, ते छापून आणलं, माझ्यावर ठेवलं आणि नुसता हात गिरवला. कुणाच्याच लक्षात आलं नाही. उलट लोकांनी लिहिलं, 'हात काय काढलाय!' पुढच्या वेळी हाताबरोबर खांदा आला. मग पूर्ण माणूस. वाहवा वाढत गेली. सरोजताई सगळ्या सोसायटीत सांगत सुटल्या, "आमच्या कादंबरीच्या हातात जादू आहे हो."

'जादू' हा शब्द ऐकला की कादंबरीचे तळवे घामेजत. ते मला कळायचं, कारण ते माझ्यावरच टेकलेले असत.

याच वाहवेमुळे एक मोठं काम चालून आलं. ऋजुता नावाच्या संपादक बाईंना खाडीवरच्या कोळणीबद्दल मुलांसाठी चित्रांचं पुस्तक काढायचं होतं. कादंबरीने हो म्हटलं. पण खाडी तिने कधी नीट पाहिली होती? पुलावरून जाताना दिसते, तेवढीच. ती फोनवर शोधत बसली आणि तिला दक्षताची चित्रं सापडली.

दक्षता ठाण्याच्या कोळीवाड्यातली. तिची चित्रं फारसं कुणी बघत नसे, पण ती बघावी अशी होती. त्यांत एक कोळीण होती. कुठे ती जाळं विणत बसलेली, कुठे चिखलात उतरलेली, कुठे होडीत उभी. कादंबरीने ती सगळी छापून आणली आणि एकेक करून माझ्यावर पसरली. प्रत्येकाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'दक्षता' असं लिहिलेलं होतं. पेन्सिल सगळीकडे फिरली, त्या कोपऱ्यात मात्र गेली नाही.

मी काय करणार होते? बटण दाबलं, मी उजळले.

ऋजुताबाई चित्रं बघायला घरी आल्या. हरखून गेल्या. मग म्हणाल्या, "पण एक सांगू? ही बाई सगळीकडे पाठमोरी नाहीतर मान खाली घातलेली आहे. मुखपृष्ठावर मला तिचा चेहरा हवाय. समोरून, वाचणाऱ्या मुलांकडे बघणारा."

"देते ना," कादंबरी म्हणाली.

कुठून देणार? दक्षताने तो चेहरा काढलाच नव्हता. कादंबरीने दिवा लावला, कोरा कागद ठेवला, पण खाली काही नव्हतं. नुसता पांढरा उजेड. तिने काढलं आणि फाडलं. पुन्हा काढलं, पुन्हा फाडलं. जो हात एके काळी आपणहून चालायचा, तो आता खालची रेघ शोधत जागच्या जागी अडून राहत होता. "मला येत होतं गं," ती एकदा आईला म्हणाली. सरोजताईंना वाटलं, पोर दमली. त्या म्हणाल्या, "तुला नाही येणार तर कुणाला येणार?" आणि चहा ठेवायला गेल्या. कादंबरीने माझ्यावर डोकं टेकलं. आता पुढे जाता येत नव्हतं, आणि मागे फिरायचं तर सगळ्यांना सगळं सांगावं लागणार होतं. त्या चिंचोळ्या खोलीत आम्ही दोघीही सारख्याच अडकलो होतो.

शेवटी तिने दक्षताला निरोप पाठवला, 'तुमची चित्रं फार आवडतात. त्या कोळणीचा चेहरा कधी काढलाय का? मला काढून बघायचाय.'

दक्षताला आनंद झाला. एवढ्या नावाजलेल्या चित्रकार बाईने आपल्याला विचारावं! तिने 'येऊन दाखवते' म्हणून कळवलं, तेव्हा कादंबरीला वाटलं, ही एखादं चित्र घेऊन येईल. पण रविवारी दार उघडलं तर दक्षताच्या मागे हिरव्या लुगड्यातली, केसांत अबोली माळलेली एक बाई उभी.

"ही माझी मालू आत्या," दक्षता हसत म्हणाली. "तुम्हाला चेहरा काढायचाय ना ताई? मग चेहराच घेऊन आले. मी काढायला बसले की ही मुद्दाम तोंड फिरवते. तुमचं नाव सांगितलं तेव्हा कुठे तयार झाली."

कादंबरीचा चेहरा पांढरा पडला. सरोजताईंना त्यातलं काय कळणार? त्या कौतुकाने दोघींना थेट माझ्या खोलीत घेऊन आल्या. "या, या! कादंबरीच्या पुस्तकाची चित्रं बघा."

भिंतीवर चित्रं टाचलेली होती. मालू आत्या जवळ गेली आणि खुदकन हसली. "दक्षे, ही तर मीच हाय गो! तुजी चित्रं इथं कशी आली?"

"नाही हो, ही आमच्या कादंबरीने काढलीत," सरोजताई म्हणाल्या.

दक्षता होडीच्या चित्रासमोर जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, "ताई, या होडीची दोन्ही वल्ही एकाच बाजूला आहेत."

"हां, मग?" कादंबरी म्हणाली.

"ती माझी चूक आहे. घाईत झालेली. आत्याने मला त्यावरून किती चिडवलंय!"

"आणि काय," मालू आत्या म्हणाली, "अशी होडी एका जागी गोल गोल फिरंल. किनाऱ्याला कधी लागायची नाय."

कादंबरीने ओठांवरून जीभ फिरवली. "मी फक्त रेफरन्स घेतलेला. सगळेच घेतात."

माझ्यावर तेव्हा एक अर्धवट चित्र चिकटपट्टीने चिकटवलेलं होतं. दक्षताने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिने हात पुढे केला आणि माझं बटण दाबलं.

मला बोलता येत नाही, मित्रांनो. मला फक्त उजळता येतं. मी उजळले. कादंबरीच्या कागदाखाली दक्षताचं चित्र लख्ख दिसू लागलं, रेघेवर रेघ आणि वळणावर वळण. आणि कोपऱ्यात, जिथे वरचा कागद कोरा होता, तिथे खालून नाव दिसत होतं. सरोजताईंनी ते वाचलं. मोठ्याने नाही, पण त्यांचे ओठ हलले.

"नाव लिहिलं असतंत ना," दक्षता हळू आवाजात म्हणाली, "तर मी सगळ्या कोळीवाड्यात मिरवलं असतं." तिने चिकटपट्टी सोडवली, आपलं चित्र खालून काढून घेतलं आणि ती दाराकडे वळली. "चल आत्या."

मालू आत्या मात्र स्टूल ओढून त्यावर बसली. "थांब गो. एवढ्या लांबून आलोय. इला माजा चेहरा काढायचाय ना? मग काढू दे." आणि कादंबरीकडे बघून म्हणाली, "पयला तो दिवा बंद कर. आता बघ माज्याकडं आनि काढ."

कादंबरीने बटण बंद केलं. काच विझली. तिने कागद ठेवला आणि वर पाहिलं. मालू आत्या तिच्याकडे रोखून बघत होती. रागाने नाही, पण हलूही देणार नाही अशा नजरेने. पेन्सिल अडखळत निघाली. रेघ वाकडी गेली. एक डोळा वर गेला, एक खाली आला. कादंबरीच्या डोळ्यांतलं पाणी कागदावर पडत होतं, तरी ती थांबली नाही, आणि तिला कुणी थांब म्हणालं नाही.

मालू आत्याने कागद हातात घेऊन पाहिला. "नाक माजं हाय का बोंबलाचं?" ती म्हणाली. मग कागद परत देत, "पन हे तुजं हाय."

दक्षता आणि मालू आत्या यांच्यासमोरच कादंबरीने ऋजुताबाईंना फोन लावला. "ही चित्रं माझी नाहीत," एवढं म्हणायला तिला फार वेळ लागला. म्हटल्यावर मात्र पुढचं सगळं भराभर बाहेर आलं.

मित्रांनो, पुढे सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. पुस्तकाचं काम दक्षताकडे गेलं, आणि ते रास्तच होतं. कादंबरीने फोनवर सगळ्यांना खरं काय ते लिहून कळवलं, तेव्हा वाहवा करणारेच वाटेल तसं बोलले. सोसायटीत कुजबुज झाली. सरोजताई कित्येक दिवस गॅलरीत फिरकल्या नाहीत. कादंबरीने माफीचा निरोप पाठवला, त्याला दक्षताने उत्तर दिलं नाही. तिने ते द्यायलाच हवं होतं असंही मला वाटत नाही.

मी तुम्हाला एवढंच विनवते, की माझा राग करू नका आणि माझ्या आहारीही जाऊ नका. शिकायला जरूर गिरवा. पण ज्याच्या रेघेवरून तुमची पेन्सिल चालते, तोही कधी तरी एकटा बसून खोडत, चुकत होता, हे विसरू नका. त्याचं नाव झाकून मिळालेली शाबासकी हातातलं बळ काढून घेते. मी ते माझ्या काचेवरून पाहिलं आहे.

हल्ली कादंबरी माझा दिवा क्वचितच लावते. परवा सकाळी तिने नवी वही घेतली, पेन्सिलींना टोक केलं आणि पायांत चपला घातल्या. सरोजताईंनी स्वयंपाकघरातून विचारलं, "अगं, कुठे निघालीस?"

"खाडीवर. होडी बघून येते, वल्ही कशी बांधतात ते."

"डबा घेऊन जा मग," सरोजताई म्हणाल्या.

दार लागलं. मी गॅलरीत एकटीच राहिले, काच विझलेली, अंगावर एकही कागद नाही. नौपाडा सोडल्यापासून मला इतकं मोकळं कधी वाटलं नव्हतं.