कल्याणीवर राज्य

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांच्या खेळात लक्ष घालायचा झटका बापांना क्वचित येतो आणि येतो तेव्हा नेमकं मुलांचं सगळं सुरळीत चाललेलं असतं. समाधान इंगळेला तो मे महिन्यातल्या एका गुरुवारी आला.

त्या दिवशी हिंजवडीच्या ऑफिसात साहेबाने त्याला नव्या अमेरिकन प्रोजेक्टवर 'शॅडो' नेमलं होतं. म्हणजे प्रत्येक कॉलवर बसायचं, सगळं ऐकायचं, तोंड मात्र उघडायचं नाही. क्लायंटच्या लेखी आपण नाहीच. इतकी वर्षं कोड लिहून शेवटी सावली झालो, या विचाराने त्याला डबाही गोड लागला नाही. तणतणत कर्वेनगरला पोहोचला तर वीज गेलेली, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये डबा ऐसपैस ऐन रंगात आलेला.

त्याची पाच वर्षांची कल्याणी एका स्कूटरमागे लपली होती. लपली म्हणजे तोंड आत आणि बाकी सगळी बाहेर. ज्याच्यावर राज्य होतं त्या मुलाने तिच्याकडे सरळ पाहिलं आणि तो खुशाल पुढे निघून गेला.

"अरे, ती दिसली ना तुला? मग आउट का नाही केलंस?" समाधानने विचारलं.

उत्तर तिसऱ्या मजल्यावरच्या तेजसने दिलं. सुट्टी लागल्यापासून पार्किंगचा कारभार त्याच्याकडेच होता. "काका, ती लिंबूटिंबू आहे. खेळात आहे, पण धरायची नाही."

शब्द काही नवा नव्हता. अकोल्याला समाधान स्वतः दोन-तीन उन्हाळे लिंबूटिंबू होता आणि मजेत होता. पण आज तो शब्द त्याला झोंबला.

"काऊन धरायची नाही?" रागावला की त्याच्या तोंडून अकोला बाहेर यायचं. "काऊन? सगळे सारखे! आजपासून या खेळात कोणी लिंबूटिंबू नाही!"

पंगत असो की कचेरी, कमीपणाच्या जागेवर बसायचं नाही, असं त्याच्या वडिलांनी, ज्ञानदेवांनी, त्याला शिकवलं होतं. शिकवण लाखमोलाची होती. ती साहेबापुढे काढायची होती, ती त्याने पोरांपुढे काढली.

गॅलरीतून त्याची बायको आम्रपाली म्हणाली, "अहो, वर या. पन्हं केलंय. मुलांचं मुलं बघतील."

"हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्वाला पन्हं चालत नाही का?"

तत्त्व खालीच उभं राहिलं. तेजसने खांदे उडवले. "ठीक आहे काका. मग पहिली तीच दिसली. राज्य तिच्यावर."

कोणीतरी पत्र्याचा डबा लांब भिरकावला. कल्याणी धावत गेली, डबा पोटाशी धरून आणला, खडूच्या गोलात ठेवला आणि मुलं शोधायला एका खांबामागे वळली. तेवढ्यात दुसऱ्या खांबामागून कोणीतरी आलं आणि डब्याला लाथ घालून गेलं. पुन्हा धाव, पुन्हा डबा, पुन्हा लाथ. मुलं काही लबाडी करत नव्हती, नियमाने खेळत होती.

"शाब्बास! जमतंय तुला!" समाधान टाळ्या वाजवत होता. जमत काही नव्हतं. तिचा फ्रॉक घामाने पाठीला चिकटला होता आणि पळता पळता ती नाक पुसत होती. त्याला मात्र आज सबंध दिवसात पहिल्यांदाच बरं वाटत होतं.

शेवटी लपलेलीच कंटाळली. कोण गाडीच्या बॉनेटवर बसलं, कोण सायकलची घंटी वाजवायला लागलं. कल्याणीचा मोठा भाऊ प्रज्ञेश बाहेर आला. "बाबा, हिला नाही जमत. आम्ही क्रिकेट खेळतो. त्यात ही नको."

'ही नको' ऐकताच कल्याणी डबा घेऊन तेजसपुढे जाऊन उभी राहिली. "मला परत लिंबूटिंबू करा ना."

"काकांना विचार. त्यांनी बंद केलंय."

सगळी मुलं समाधानकडे बघू लागली. तो खाली बसला. "बेटा, लिंबूटिंबूला कोणी खेळात मोजत नाही. तुला चालेल का ते?"

"पण बाबा, मला कधीच कोणी आउट करत नाही," कल्याणी रडत म्हणाली. "मी रोज जिंकत होते."

समाधानला मनापासून लाज वाटली. लेकीची म्हणून जी लढाई तो लढत होता, ती सगळी त्याचीच होती. लेक तर रोज जिंकून घरी येत होती.

"बरं," तो कसाबसा म्हणाला. "कर रे तेजस तिला लिंबूटिंबू."

"झाली. क्रिकेट राहू दे, राज्य माझ्यावर," तेजस म्हणाला. तेवढ्यात अर्धी मुलं लपलीसुद्धा.

कल्याणीने डोळे पुसले, डबा तेजसच्या हातात दिला आणि ती स्कूटरकडे निघाली. मध्येच थांबून तिने मागे पाहिलं.

"बाबा, तू आता वर जा," ती म्हणाली. "तू इथे असलास की ते मला खरंच धरतात."