पाच घरांची कुंची

थंडी पडली की शुक्रवार पेठेतल्या त्या बोळात शिवबाईच्या दारी बायका फडकं मागायला यायच्या. जिची मुलं जगत नाहीत तिनं जित्या लेकरांच्या पाच घरांतून पाच तुकडे मागून आणायचे, त्यांची कुंची शिवायची आणि बाराव्या दिवशी नव्या बाळाच्या डोक्यावर घालायची, अशी रीत होती. तुकडा मागितलेलाच हवा, विकतचा चालत नाही. घरातल्या शेंडेफळाच्या अंगावरचा हवा. आणि धुतलेला तर नकोच, कारण पाण्याबरोबर जित्या अंगाची ऊब निघून जाते.

शिवबाईची पाचच्या पाच जगली होती. बोळात तसं दुसरं घर नव्हतं. दिवाळी सरली की ती करडईच्या तेलात ओवा-लसूण कढवून ठेवी आणि तिन्हीसांजेला एकेकाला पुढ्यात घेऊन छातीला, तळपायांना चोळी. सकाळी हुलग्याचं कढत माडगं पोटात गेल्याशिवाय एकालाही उंबरा ओलांडू देत नसे. शेजारणी तिला विचारून विचारून तेच करत, तरी पौषात कुणाचं ना कुणाचं एखादं खोकून खोकून जाईच. मग म्हणत, "तेल तेच गं, हात येगळा." शिवबाई "बसवण्णाची कृपा" म्हणून पदर सावरी. पण हे ऐकायला तिला आवडे. दागिना म्हणाल तर तिच्या अंगावर तेवढाच होता.

शहरावरचा मार्शल लॉ, गोऱ्या फौजेचा अंमल, उठून दीड वर्ष झालं होतं. त्या मार्गशीर्षात तिची धाकटी, नऊ वर्षांची कमलम्मा, वळसंगला आजीकडे हुरड्याला गेली आणि आली ती ताप घेऊन. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि कपाळावर तीन, मनगटांवर चार असे फोड उठले. शिवबाईनं एकावर बोट दाबून पाहिलं. कातडीखाली मोहरीचा दाणा असावा तसं लागलं. तिची पाठची बहीण गेली तेव्हा तिनं असा दाणा चाचपला होता. ही बाई होती. देवीच्या आजाराला नावानं हाक मारायची नाही, बाई आली म्हणायचं.

तिचा नवरा चन्नप्पा गुळाच्या अडतीत दिवाणजी होता. तो पोरीजवळ बसला, तिच्या दंडावरचे लहानपणी टोचल्याचे दोन वण त्यानं पाहिले.

"सातच हायत," तो म्हणाला. "जातील आठ दिसांत. कुनाला बोलू नकोस."

"दाराला लिंब तरी बांधायचा?"

"आन् म्युन्शिपालटीला आवतन धाडायचं? गड्ड्याची जत्रा तोंडावर आलीय. पोरीला उचलून गावाभाईरच्या छपरात नेऊन टाकतील. एकलीच पडंल तितं."

शिवबाईनं लिंब बांधला नाही. बाई घरात असताना फोडणी द्यायची नसते, चुरचुर तिला सोसत नाही. पण रोजच्या वेळेला फोडणीचा वास आला नाही, तर बोळातल्या बायका दुसऱ्याच दिवशी विचारतील. म्हणून ती चुलीपुढं हात जोडी, मनातल्या मनात बाईची क्षमा मागे आणि तापल्या तेलात मोहरी टाकी. कमल आतल्या खोलीत छिटाचा एकच परकर नेसून पडून राहिली. फोड पिकले, सुकले, त्यांच्यावर खपल्या धरल्या.

खपल्या पडायला लागल्या त्याच सुमाराला केराबाई आली.

केराबाई चार दारं सोडून राहायची. मूळची मंगळवेढ्याकडची, मेंढरांमागं वाढलेली. नवरा येडू गिरणीत होता. लहानपणीच बाई येऊन गेल्यामुळं तिचं तोंड वणांनी भरलेलं होतं. तीन थंड्यांत तिची तीन मुलं गेली होती, आता चौथी मुलगी अकरा दिवसांची होती. कानांत कापूस, डोक्याला फडकं अशी ती पायरीच्या खालीच उभी राहिली. मागायला आलेल्या बाईनं पायरी चढायची नसते.

"शिवक्का, हायसा का?"

"केरा, बाळंतीन अशा गारठ्यात भाईर पडती व्हय गं?"

"आईनंच मागाय लागतं की. सासूला धाडली असती तर पाच घरी भांडून आली असती आन् फडकं इसरली असती."

शिवबाईला हसू आलं. "नाव काय ठेवनार?"

"दगडी. माझ्या आईनं मला केरात ठेवून परत उचलली, तवा मी जगले. दगडाला तर काय हुतंय?" मग तिनं पदर पसरला आणि रीतीनं विचारलं, "समदी पोरं ठणठणीत हायत न्हवं?"

"हायत."

"पाची?"

"पाची जिती हायत."

खोटं त्यात काही नव्हतं. पाची जितीच होती.

ती आत आली. खुंटीवर थोरल्याचा सदरा होता. त्याचा तुकडा दिला असता तर पायरीखालच्या बाईला काय कळणार होतं? शिवबाईनं सदरा हातात घेतलाही. मग तिच्या मनात आलं, शेंडेफळाचं म्हणून दुसऱ्याचं दिलं आणि त्या लेकराला काही झालं तर ते पाप कुणाच्या माथी? बाई आपल्या मर्जीनं येते, मर्जीनं जाते. ती चिंध्यांत बसून फिरत असेल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. तिनं सदरा खुंटीला लावला आणि कमलच्या नेसूच्या परकराचा हातभर काठ टर्रकन फाडला.

"अव्वा, माझा परकर का फाडतीस?"

"एका बाळाला ऊब पायजे," शिवबाई म्हणाली. आणि तिनं तो काठ केराबाईच्या पदरात टाकला.

चौथ्या दिवशी म्युनिसिपालिटीचा देवी टोचणारा शिपायाला घेऊन बोळात आला. जत्रेआधी तो प्रत्येक पेठेत फिरत असे. मारुतीच्या पारावर उभा राहून तो ओरडून सांगू लागला, "कोणाच्या घरी देवी असतील तर लपवू नका. आजाऱ्याचे कपडे जाळा. खपलीत विष असतं. कपड्याला चिकटलेली एक खपली लहान मुलाला पुरते." पोरं त्याच्या आवाजाची नक्कल करत होती. दारादारांतून बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. शिवबाई पिठाचे हात घेऊन तशीच उठली, आत गेली आणि कमलचा परकर उजेडात धरला. फाडलेल्या कडेजवळ तांदळाच्या कोंड्यासारखं काहीतरी तांबूस चिकटलं होतं.

तिनं परकर चुलीत घातला. मधल्या लेकीच्या चोळीचा नवा खण घेतला आणि चार दारं ओलांडून केराबाईकडं गेली.

दारापुढल्या उन्हात केराबाईची सासू, चिमाबाई, पाय पसरून बसली होती. पायांवर बाळ होतं आणि बाळाच्या डोक्यावर कुंची.

"ये गं शिवबाई," चिमाबाई म्हणाली. "बघ, तुझं फडकं म्होरं लावलंय, कपाळावर. बाकीची मागनं. मोठ्या नशिबाच्या घरचं ते."

"चिमामावशी, ते मागं द्या. लई फाटकं दिलं मी. हे खणाचं आणलंय, हे लावा."

चिमाबाईचा हात थांबला. "दिल्यालं मागं घेत्यात व्हय? का गं? तुझ्या घरात काय हाय का?"

केराबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तीही शिवबाईकडं पाहत होती.

एक शब्द पुरे होता. शिवबाईच्या डोळ्यांपुढं गावाबाहेरचं छप्पर आलं, त्यात एकटी पडलेली कमल आली, नवऱ्याचा चेहरा आला, आणि उद्यापासून तिच्या दारावरून मान वळवून जाणाऱ्या बायका आल्या. यातलं आधी काय आलं हे तिला पुढं कधीच नीट सांगता आलं नाही.

"काय असनार?" ती म्हणाली. "चांगलं द्यावं वाटलं, येवढंच."

"मग ऱ्हाऊ दे की," चिमाबाई म्हणाली आणि तिनं कुंचीचे बंद बाळाच्या हनुवटीखाली नीट बांधले.

जत्रा झाली. नंदीध्वज निघाले, दारूकाम झालं, बाहेरगावची माणसं परत गेली. त्यानंतर दोन दिवसांनी दगडीनं दूध सोडलं. चौथ्या दिवशी तिच्या अंगावर सात फोड नव्हते. बोट टेकवायला जागा नव्हती. आवाज बसला, मग रडणंही बसलं. येडूनं ते गाठोडं कुंचीसकट नेलं आणि पुरलं. केराबाईची छाती दुधानं दगडासारखी झाली होती. चिमाबाईनं ती लुगड्याच्या पट्टीनं आवळून बांधली. शिवबाई भाकरी घेऊन गेली, बाकीच्या बायकांसारखीच.

एवढं झाल्यावर चिमाबाई गप्प बसणार नव्हती. पाचांतलं एक फडकं वाईट होतं, असं तिनं ठरवलं आणि ते सुंदरम्माचं ठरलं. सुंदरम्माच्या धाकट्याला खरूज होती, सगळ्यांना दिसत होती. नळावर तिची घागर लागली की बायका आपली उचलून घेत. सुंदरम्मा आधी भांडली, मग रडली, आणि उन्हाळ्यात पोरं घेऊन दुसऱ्या पेठेत राहायला गेली. तिच्या मागची घागर रोज शिवबाईची असायची. शिवबाईनं आपली उचलली नाही, पण तोंडही उघडलं नाही.

त्या वर्षी आणखी दोघी तिच्याकडं मागायला आल्या. तिनं फडकी दार लावून उकळली, उन्हात वाळवली, मग हातानं चुरगाळून अंगावरची म्हणून दिली. ती दोन्ही मुलं जगली. त्यानं तिचं नाव आणखीच वाढलं.

पुढच्या मार्गशीर्षात केराबाईला मुलगा झाला. अकराव्या दिवशी ती पायरीखाली येऊन उभी राहिली. मारुतीचा पार बोळाच्या दुसऱ्या टोकाला होता, आणि देवी टोचणारा उद्या तिथं बसणार होता.

"सुंदरम्माच्या जागी कस्तुराबाईचं घर धरलंय," केराबाई म्हणाली. "तुमचं म्होरंच लावनार."

"देते. पर आदी पोराला टोचून आण. उद्या येतोय त्यो."

"सासू न्हाय म्हंती. बाईला आपनहून कशाला डिवचायचं?"

"माझी पाची टोचल्याली हायत, केरा."

"तुमची न टोचताबी जगली असती, शिवक्का," केराबाई समजावल्यासारखं म्हणाली. "तुमचा हातच तसा हाय."

शिवबाईनं आत पाहिलं आणि हाक मारली, "कमल, हिकडं ये."

कमल आली. शिवबाईनं तिच्या कपाळावरचे केस मागं केले.

"बघ. गेल्या साली तू मागाय आलीस तवा ही आत हुती. हिला बाई आलती. सातच फोड उठले, टोचल्यालं हुतं म्हनून. तुला दिलं ते हिच्याच परकराचं."

केराबाई पायरी चढली. तिनं कमलच्या कपाळावरून बोट फिरवलं. एका खड्ड्यावर थांबली, दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. स्वतःचं तोंड तसंच असल्यानं तिला विचारायची गरज पडली नाही.

"खण घेऊन आला हुता तुमी," ती म्हणाली.

"व्हय."

"तवा ठावं हुतं."

"व्हय."

"मी दारातच हुते की." केराबाईचा आवाज चढला नाही. "मला निस्ती खूण केली असती, तरी मी त्याच घटकंला काढली असती."

ती वळली आणि पायरी उतरून गेली. फडकं मागायचं तिनं पुन्हा नाव काढलं नाही.

कमल तिथंच उभी होती. "अव्वा, ते बाळ माझ्यापायी गेलं?"

"न्हाय," शिवबाई म्हणाली. "तू झोपून हुतीस. जागी मी हुते."

दुसऱ्या दिवशी केराबाई पोराला घेऊन पाराकडं गेली. मागं चिमाबाई तिला शिव्या देत चालली होती, आणि शिवबाईच्या दारापुढं येताच तिनं त्या शिव्या शिवबाईला दिल्या, नाव घेऊन, साऱ्या बोळाला कळेल अशा. दुपारपर्यंत कुणाला काही सांगायचं उरलं नाही. संध्याकाळी नळावर शिवबाईनं घागर लावली तशा पुढल्या-मागल्या घागरी उचलल्या गेल्या. चन्नप्पा आठ दिवस तिच्याशी बोलला नाही. सुंदरम्माला बोलवून आणायला कुणी गेलं नाही.

आठव्या दिवशी टोचणारा फोड पाहायला घरोघर आला. शिवबाई दाराआड उभी होती. चार दारांपलीकडून त्याचा आवाज आला, "चांगला उठलाय. आता भ्यायचं कारण नाही." केराबाई काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. बाळ रडत होतं, मोठ्यानं, छातीत दम असलेल्या बाळासारखं. शिवबाई ते थांबेपर्यंत ऐकत राहिली. मग दार न उघडताच आत वळली.