सुटत चाललेली गाठ

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि आमचं नेपल्स डोळ्यांपुढे आणा. समुद्रात पाय सोडून बसलेला किल्ला, पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाची दुपार, आणि वारा मात्र सणाला न शोभणारा. लाट तटावर आदळली की मेजांवरचे पेले किणकिणतात. दालनातल्या खांबाआड आत्याचा हात धरून कोवेल्ला उभी आहे, जेमतेम आठ वर्षांची. तिची नजर बाबांच्या छातीवरून हलत नाही.

तिचे बाबा, लोफ्रेदो, राजाच्या 'गाठीच्या सरदारां'पैकी एक होते. या सरदारांच्या पांढऱ्या झग्यावर, छातीशी, रेशमी दोरीची गाठ असे. रणात खरा पराक्रम केला तरच ती सोडायची आणि या सणाला राजासमोर शपथेवर तो सांगायचा. पराक्रम नसताना कुणी गाठ सोडली, तर दालनाच्या कोपऱ्यातलं काळ्या कापडाचं मेज त्याच्या वाट्याला. तिथे भिंतीकडे तोंड करून एकट्यानं जेवायचं. पुढे त्याच्याशी कोणी बोलत नसे. मागच्या सणाला तिथे बसलेला सरदार हिवाळ्यात समुद्रात, मासे धरायच्या जाळ्यात मेलेला सापडला होता.

काल झगा गच्चीवर वाळत होता. गाठ कशी घातलीय ते बघायला कोवेल्लानं ती सोडली. पुन्हा जमेना, म्हणून तिनं कोळ्यांच्या पोरांकडून शिकलेली सरकगाठ घातली. दिसायला अगदी तशीच. फक्त ताण आला की सुटणारी.

बाबा प्रार्थनेला वाकले. दोरीचा एक पदर सरकला. ते उठले, खिडकीतून आलेल्या वाऱ्यानं झगा फडफडला, आणि पदर आणखी खाली आला.

"आत्या, बाबांची गाठ..."

"गप गं! महाराज बघतायत."

दोरी सुटून लोंबू लागली.

"अरे वा, लोफ्रेदो!" शेजारचा सरदार गुआल्तिएरो ओरडला. "गाठ सुटली की! कुणाला लोळवलंस बाबा? सकाळी ताटात आलेल्या माशाला?"

सगळे खो खो हसले. राजानं हात वर केला आणि दालन चिडीचूप झालं.

"सांगा, लोफ्रेदो. शपथेवर."

लोफ्रेदोंनी दोरी बोटांत धरली. दोरीवर उरलेल्या वळ्यांवरून कोळ्यांची गाठ त्यांनी ओळखली असावी, कारण त्यांची नजर थेट खांबाकडे गेली आणि तितक्याच घाईनं मागे फिरली.

"पराक्रम काही नाही, महाराज."

"मग गाठ सोडली कुणी?"

लोफ्रेदोंनी दोरी मुठीत झाकली. राजानं कोपऱ्याकडे बोट दाखवलं. सेवकानं काळ्या मेजाखालचं स्टूल ओढलं. ते दगडी फरशीवर करकरलं. लोफ्रेदो मान ताठ ठेवून तिकडे चालू लागले.

कोवेल्लानं आत्याचा हात झटकला. सेवकाच्या कोपराखालून ती धावली, बाबांच्या आधी त्या स्टुलावर चढली, भिंतीकडे तोंड केलं आणि तिथला पाव जवळ ओढून खायला लागली.